चालती मोटार का पेटते?

मे महिन्याचे दिवस. तुम्ही मोटारीने खंडाळ्याचा घाट चढत आहात. मोटार मंदावते, दोन-चार आचके देते आणि बॉनेटच्या फटीतून पांढरे लोट निघू लागतात. "आग, आग!" असे कोणीतरी ओरडते. खरोखरच आग लागली असेल का?

बहुधा नाही. ती रेडिएटरमधली वाफ असते. इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच मोटार चालवण्याच्या कामी येते. तितकीच धुराबरोबर जाते आणि उरलेली बरीचशी पाण्याने वाहून न्यावी लागते. घाटात एंजिनला जोर फार, पण वेग कमी, म्हणून रेडिएटरला वाराही कमी. शेवटी पाणी उकळते. ते दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर तापलेले असते. अशा वेळी टोपण उघडले, तर दाब एकदम सुटतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते.

काळा धूर दिसला, जळक्या रबराचा किंवा पेट्रोलचा वास आला, तर मात्र गोष्ट निराळी. तापून तापून कडक झालेली रबरी नळी तडकते. पेट्रोल दाबाखाली असेल तर त्याचा फवारा उडतो, आणि जवळच जळके वायू वाहून नेणारा नळ कित्येकशे अंश तापलेला असतो. पण जळते ते पेट्रोल की त्याची वाफ?

हे पेट्रोलने करून पाहू नका, मेणबत्ती पुरे. मोठ्या माणसांना जवळ घेऊन, चांगली जळलेली मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला लगेच पेटती काडी लावा. ज्योत उडी मारून वातीवर येते! जळते ती मेणाची वाफ. मेणाची वाफ व्हायला वात तापावी लागते. पेट्रोलची मात्र शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटण्याइतकी वाफ होते. ती हवेहून जड असल्याने खाली साचून राहते.

दुसरा गुन्हेगार म्हणजे वीज. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून तिला कमी लेखू नका. ५५ वॅटचा दिवा सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. हौसेने त्या जागी १०० वॅटचा बसवला, तर ८.३. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार तिपटीहून अधिक तापणार! मग फ्यूज जातो, आणि कोणी शहाणा तेथे जाड तारेचा तुकडा बसवतो. चोर येतात म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्यालाच घालवून देण्यातला हा प्रकार. (शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे.)

धूर काळा दिसला, तर चालकाने मोटार कडेला घेऊन किल्ली बंद करावी. विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप त्याने थांबतो. सर्वांनी उतरून चांगले लांब उभे राहावे, सामानासाठी परतू नये, आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. आणि बॉनेट? ते उघडायचेच नाही. आत इंधन आहे, उष्णता आहे; कमी आहे ती हवा, आणि बॉनेट उघडताच तीही भरपूर मिळते.