माथेरान : आधी पाणी, मग वाट

दस्तुरी नाक्याला गाडी लावली की पुढचं माथेरान पायी, घोड्यावर, अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या रेल्वेच्या शटलने, नाहीतर रिक्षाने. ही रिक्षा वर्षानुवर्षं माणसानेच ओढली : एक जण पुढे दांडीला, दोघे मागून रेटायला. डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर, मध्ये मध्ये खंड पडत, ई-रिक्षाही धावू लागल्या. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटारीला वर मज्जाव आहे. साडेचार हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात गॅसचं सिलिंडर, भाजी, सिमेंटची गोणी, सगळं जेमतेम तीन किलोमीटरच्या दस्तुरीहून येणाऱ्या एका वाटेवर येऊन पडतं. आपण मुंबई-पुण्याचे लोक तिला ‘वॉक’ म्हणतो. गावाचं पोट ती भरते.

या वाटेबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं, की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांच्या योजनेतून पुनर्वसन करा आणि त्यासाठी गुजरातेतल्या केवडियाच्या ई-रिक्षांचा नमुना पाहा. त्याच आदेशात वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या वादाचाही निवाडा झाला. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर मात्र नाहीत. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर घालायचा नाही, म्हणजे पुढेमागे ते उचलता येतील. माणसाने माणसाला ओढणं थांबावं, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. तो निकाल उशिराच आला. ब्लॉकचा वाद मात्र मला अर्धवट वाटतो. एका बाजूला ‘लाल माती वाचवा’, दुसऱ्या बाजूला ‘चिखलातून सुटका करा’. दोन्ही बाजू वाटेच्या पृष्ठभागाबद्दल भांडत राहिल्या. वाट बिघडवतं ते पाणी, आणि त्याचा बंदोबस्त या भांडणात कुठेच नव्हता.

माथेरानचा डोंगर बेसॉल्टचा, त्याच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पाऊस वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची माती ओली झाली की ढिली पडते, उन्हाळ्यात तिची भुकटी होते. त्यावरून साडेचारशेहून जास्त घोडे दिवसभर खेपा घालतात. नाल मातीत रुततो, उखडतो, मोकळी झालेली माती पहिल्या वळवासरशी खाली जाते. दोन-चार पावसाळ्यांत वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल जाते आणि मग पाणी तिच्यातूनच वाहायचं ठरवतं. वाटेचा ओढा होतो. पॉइंटांकडे जाणाऱ्या कुठल्याही वाटेवर कडेची झाडं बघा. मुळांच्या वरची माती गेलेली असते, मुळं उघडी पडून पायऱ्यांसारखी आडवी पसरलेली असतात, आणि आपण त्यांच्यावर पाय देऊन चढतो. त्या मुळाखाली हात घातला तर बोटांना लागते ती कोरडी पोकळी. तिथे एकेकाळी वाट होती.

ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर १८५० च्या मे महिन्यात चौकहून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि रामबागेकडून उतरला, तेव्हा या डोंगरावर वाटा नव्हत्या असं नाही. ठाकर, कातकरी, धनगर त्या पायांनी मळून ठेवत होतेच. इंग्रजांनी पुढे पॉइंटांना नावं दिली आणि कड्याच्या कडेने, फारसा चढउतार न घेता फिरणाऱ्या वाटा आखल्या. घोडा आणि पालखी न दमता जावी एवढाच त्यांचा हिशेब असेल. पण वाट डोंगराच्या समपातळीत फिरली की पाणी तिला आडवं ओलांडून जातं, तिच्या लांबीने धावत नाही. वाट टिकण्याचं अर्धं रहस्य एवढंच आहे.

रेल्वेने हेच जास्त काटेकोरपणे केलं. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली नेरळ-माथेरान लाइन १९०४ मध्ये हाती घेतली आणि १९०७ मध्ये सुरू झाली. सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपल्या बार्शी लाइट रेल्वेवाला. दोन फुटी गेज, एकवीस किलोमीटरच्या आसपास लांबी, विसात एक चढ, आणि इतकी तीव्र वळणं की त्यांच्यासाठी इंजिनाच्या चाकांची खास रचना करावी लागली. तरीही पाणी भेटायला येतंच. २६ जुलै २००५ च्या पावसाने लाइन उखडली, ती २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात परत वाहून गेली आणि नेरळपासून पूर्ण गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दुरुस्तीत बराचसा खर्च गेला तो कडेला आधार देण्यात, जाळीत दगड भरून भिंती रचण्यात. रूळ हा त्यातला सोपा भाग.

डोंगरवाट बांधणाऱ्यांचा जगभर वापरला जाणारा एक नियम आहे : वाटेचा चढ हा ज्या उतारावरून ती जाते त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. जास्त झाला की पाणी उतार सोडून वाट धरतं. दुसरी गोष्ट, वाट दरीच्या बाजूला शंभरात तीन ते पाच इतकी कलती ठेवायची. तिसरी, ठरावीक अंतरावर तिला किंचित बुडी द्यायची, म्हणजे आलेलं पाणी तिथेच बाहेर पडतं. जिथे हे जमत नाही तिथे वाटेत तिरपे दगड गाडायचे आणि दरवर्षी त्यांच्यामागचा गाळ काढायचा. यात परदेशी असं काही नाही. नाणेघाट चढलात तर दगडी बांधणीची वाट पायाखाली येते. सातवाहनांच्या काळापासून तिच्यावरून माल गेला.

आता ब्लॉककडे. ई-रिक्षा चालवायची तर सपाट पृष्ठभाग लागणार, हे मान्य करायला हवं. घोडेवाल्यांची तक्रारही खरी आहे : ओल्या ब्लॉकवर नाल घसरतो, चढावर घोडा पाय टाकायला कचरतो. काँक्रीटचा थर नको म्हणजे ब्लॉक वाळूवर बसणार. चढाच्या रस्त्यावर कडेला भक्कम दगड आणि वरच्या बाजूला गटार नसेल, तर पाणी सांध्यांतून आत शिरतं, वाळू घेऊन जातं आणि ब्लॉक खचायला लागतात. मग ठेकेदार म्हणणार, बघा, काँक्रीटच हवं होतं.

आपल्याकडे नगरपरिषद एखाद्या सल्लागार फर्मला सविस्तर प्रकल्प अहवाल करायला देते. फर्म ड्रोन उडवते, नकाशा काढते, चौरस मीटरचा दर लावते. त्या अंदाजपत्रकात पृष्ठभाग पहिल्या पानावर असतो, गटार आणि मोऱ्या शेवटच्या पानावर, आणि पैसे कमी पडले की तेच पान फाटतं. पावसाळ्यात कुणी वाट चालून बघत नाही, कारण सर्वेक्षण जानेवारीत सोयीचं. घोडेवाल्याला विचारलं असतं तर त्याने एका फेरीत दाखवलं असतं पाणी कुठे फुटतं ते; तो रोज तिथून जातो. मोठ्या फर्मपेक्षा रायगड-ठाण्यातली, कोकणचा पाऊस अंगावर घेतलेली छोटी फर्म अशा कामाला बरी, असं माझं मत आहे. पण तिच्या कराराला एक अट हवी : अहवाल देऊन मोकळं व्हायचं नाही, तीन पावसाळे वाटेची जबाबदारी घ्यायची.

आणि माणसं लागतील. हातरिक्षेची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची चर्चा फक्त ई-रिक्षांभोवती फिरते आहे. सगळ्यांना त्यात जागा मिळेलच असं नाही. त्यांच्यातूनच वाट राखणाऱ्या कायम टोळ्या का करू नयेत? जूनच्या आधी चर मोकळे करायचे, पावसात मोऱ्या तुंबू द्यायच्या नाहीत, दिवाळीपर्यंत उघड्या मुळांवर माती आणि दगड बसवायचे. ज्यांनी हा चढ वर्षानुवर्षं खांद्याने मोजला, त्यांच्याइतकी वाटेची माहिती कुठल्या अहवालात नाही. नगरपरिषदेने पुढच्या अंदाजपत्रकात ‘वाटांची वार्षिक देखभाल’ असा स्वतंत्र खर्च दाखवावा, आणि राज्य सरकारने ब्लॉकच्या निविदेआधी गटारांची निविदा काढावी.