कोपर बदलण्याआधी

दुचाकी घसरते, कोपराचं हाड मोडतं, प्लेट-स्क्रू बसवून ते जुळतंही. पण मोड सांध्याच्या आत गेली असेल, तर काही वर्षांनी कोपर दुखू लागतं. हात पुरता सरळ होत नाही, घास तोंडापर्यंत पोचत नाही. कूर्चा झिजलेली असते आणि वय असतं जेमतेम तिशी-पस्तिशीचं. गुडघा बदललेल्या आजी घरात हिंडताफिरताना दिसतात. मग वाटतं, कोपरही बदलून टाकावं.

कोपर बदलता येतं. दंडाच्या हाडात एक आणि पुढच्या हाडात एक अशा धातूच्या दांड्या सिमेंटने बसवून मध्ये बिजागरी जोडतात. दुखणं थांबतं, हात वाकतो. अडचण असते ती वजनाची. हातात वस्तू धरली की पंजापासून कोपरापर्यंतचा भाग तरफेसारखा काम करतो आणि सांध्यावर वस्तूच्या कित्येक पट जोर येतो. म्हणून बहुतेक सर्जन जन्मभराची मर्यादा सांगतात: एका वेळी साधारण पाच किलो, वारंवार उचलायचं तर किलोभरच. घरगुती सिलिंडरमधला नुसता गॅसच १४.२ किलोंचा असतो. सत्तरीच्या माणसाला ही मर्यादा पाळता येते. पण शेती, गवंडीकाम किंवा हमाली करणाऱ्या तरुणाने ती कशी पाळायची? दांड्या सैल झाल्या तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तोवर हाडही कमी उरलेलं असतं.

म्हणून तरुण वयात आधी स्वतःचा सांधा राखायचे उपाय पाहतात. वाढलेले हाडाचे काटे आणि सुटे तुकडे दुर्बिणीतून किंवा उघडून काढता येतात, आखडलेलं आवरण सोडवता येतं. रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत हललं तरी पुरतं. तेवढी हालचाल परत मिळाली तरी खूप झालं. करंगळीला मुंग्या येत असतील, तर कोपरामागची दबलेली नसही त्याच वेळी मोकळी करतात. झीज फक्त मनगट फिरवणाऱ्या हाडाच्या डोक्याशी असेल, तर तेवढाच भाग काढता किंवा बदलता येतो.

सगळा सांधाच झिजला असेल, तर हाडांची टोकं घासून त्यांच्यामध्ये मांडीच्या स्नायूवरचं जाड आवरण किंवा दात्याच्या टाचेमागची धोंडशीर बसवतात. याने दुखणं दरवेळी पुरतं जात नाही, सांधा डळमळण्याचीही भीती असते. पण पुढे कृत्रिम सांध्याची वाट मोकळी राहते. सांधा कायमचा जोडून टाकणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण कोणत्याही एकाच कोनात अडकलेला हात जेवण, आंघोळ आणि काम या तिन्हींना पुरत नाही.

दुखापतीनंतर आखडलेलं कोपर जोराने चोळून, ओढून घेऊ नका; त्याने सूज आणि ताठरपणा वाढू शकतो. आणि सर्जनसमोर बसाल तेव्हा एक्स-रेबरोबर आपल्या दिवसाचा हिशेबही सांगा: काय उचलता, किती वेळा, आणि कोणत्या कामावर घर चालतं. तुमच्यासाठी योग्य उपाय कोणता, हे त्यावरूनही ठरतं.