‘रोज पीत नाही, कधीतरीच’: तरुणांची स्मरणशक्ती आणि एका बैठकीतली जास्त दारू

“तो रोज पीत नाही, शनिवारी मित्रांबरोबर बसतो,” असे बरेच पालक सांगतात. पण मेंदूसाठी किती दिवस प्यायलो याइतकेच एका बैठकीत किती प्यायलो हेही महत्त्वाचे असते.

जास्त म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध अल्कोहोल घेणे म्हणजे अतिमद्यपान. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण तेवढे अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या दीड मोठ्या बाटलीतही तेवढेच. मुलगा सिद्धेश्वरसारख्या गावात असो की हिंगोली-पुण्याच्या खोलीवर, हिशेब हाच.

शांत मेंदूत काय दिसते?

डोळे मिटून नुसते बसलो तरी मेंदू काम करत असतो. त्याच्या विद्युतलहरी ईईजीवर नोंदवता येतात. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठातील संशोधकांना असे पिणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये विश्रांतीच्या वेळी थीटा आणि बीटा लहरी अधिक जोरकस आढळल्या. तिथल्याच विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात ऐकलेली माहिती आठवून सांगण्यात ते मागे पडले.

नवी आठवण साठवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो आणि दारू त्याच्या कामात अडथळा आणते. “रात्री काय झाले आठवत नाही” हे त्याचेच लक्षण. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, म्हणून या वयात काळजी अधिक. मात्र हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. बदल दारूमुळेच झाला की काही आधीपासून होता, हे त्यातून ठामपणे ठरत नाही. त्यामुळे केवळ यासाठी ईईजी काढून घेण्याची गरज नाही.

तुम्ही काय करू शकता?

• भरती किंवा स्पर्धा परीक्षेचे पाठांतर टिकत नसेल, तर झोप, ताण आणि दारू या तिन्हींबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.
• मुलाला न ओरडता, तो शुद्धीत असताना बोला.
• रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.
• प्यायलेली व्यक्ती हाक मारूनही उठत नसेल, तर कुशीवर झोपवा, एकटे सोडू नका आणि १०८ वर फोन करा.

मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.