पेशव्यांच्या पागेतली शाळा

पुण्यात जिथे पेशव्यांची घोडी बांधत, त्या जागेवरून ‘हुजूरपागा’ हे नाव आले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनी १८८४ साली मुलींसाठी हे हायस्कूल काढले. मुलींना इंग्रजी शिकवण्यास टिळकांचा कडवा विरोध होता. तरी शाळा टिकली, हे मोठेच धैर्य.

वसतिगृहामुळे दूरदूरच्या मुली आल्या. ब्रह्मदेशात जन्मलेली, इरावदी नदीचे नाव मिळालेली करमरकरांची मुलगी सातव्या वर्षी समुद्र ओलांडून इथे राहायला आली. केवढेसे ते वय! वर्गमैत्रीण शकुंतला परांजपे हिच्या आईने पुढे तिला आपल्या घरी नेऊन वाढवले. हीच मुलगी पुढे इरावती कर्वे झाली; त्यांच्या ‘युगान्त’ या पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.