नारू कुत्र्याचा की माणसाचा?

मुलांनो, 'नारू' म्हणजे काय, ते आजोबांना विचारा. न गाळलेल्या पाण्यातून पोटात शिरणारा आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा हा जंत! भारत त्यातून २००० साली सुटला. आफ्रिकेतल्या चाड देशात मात्र दहा वर्षं गायब असलेला नारू २०१० मध्ये पुन्हा उगवला, आणि २०१२ पासून तो कुत्र्यांतही दिसू लागला. कुत्र्यांचा नारू निराळा असता, तर तिकडे काणाडोळा करून चाललं असतं. शास्त्रज्ञांनी दोन्ही जंतांची जनुकं ताडून पाहिली. जात एकच निघाली! मग काय, नुसतं पाणी गाळून कसं भागणार? नारू पाण्यात अळ्या सोडतो, म्हणून नारू झालेली कुत्री तळ्यापासून लांब बांधायची. ती खातात म्हणून माशांची आतडी पुरायची. कुत्रं बांधून ठेवणाऱ्या मालकाला चक्क बक्षीस!