पन्नास एकरांना एक आकडा

पडेगावसारख्या एखाद्या गावातली सलग पन्नास एकर जमीन डोळ्यांसमोर आणा: रस्ता, घरं, नाला, चढ-उतार, सगळं. आता या साऱ्याची उंची एकाच आकड्यात सांगायची. जगाच्या समुद्रतळाचा ‘जेबको’ हा नकाशा असंच करतो. त्यात पृथ्वीभर ३७३ कोटी २४ लाख ८० हजार चौकोन आहेत, तरी आपल्या अक्षांशावर एकेक चौकोन पन्नास एकरांचा भरतो. मालवणचं सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्याच्या वाट्याला जेमतेम १४० आकडे. प्रवाळ, कपारी, वाळूचे पट्टे त्यात दिसणार कुठून?

जमिनीचं सोपं असतं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारने ११ दिवसांत जगातली ८० टक्के जमीन मोजली, पडेगावसकट. रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यातून तळापर्यंत पोचत नाहीत. तिथे सेकंदाला दीड किलोमीटर धावणारा आवाज लागतो आणि तो सोडायला जहाज. म्हणून समुद्रतळाचा साधारण चौथा हिस्साच आजवर प्रत्यक्ष मोजला गेला आहे.

मला खरं थक्क करतो तो उथळ समुद्र. जहाजावरचा मल्टिबीम सोनार १२० अंशांत आवाज पसरवतो. चार हजार मीटर खोलीवर एका फेरीत १४ किलोमीटर रुंद पट्टा मोजून होतो. २० मीटर खोलीवर फक्त ६९ मीटर. कोकणचा ७२० किलोमीटर किनारा आणि त्यापुढचा २२ किलोमीटर समुद्र धरला, तर क्षेत्र होतं १६ हजार चौरस किलोमीटर. सरासरी खोली २० मीटर मानली, तर जहाजाला सव्वादोन लाख किलोमीटरहून जास्त फिरावं लागेल, म्हणजे पृथ्वीला पावणेसहा प्रदक्षिणा. पाच नॉट वेगाने अहोरात्र चालूनही पावणेतीन वर्षांवर काळ जाईल. एवढंच क्षेत्र चार हजार मीटर खोलीवर असतं, तर बाराशे किलोमीटर पुरले असते!

शिवाय खोली हा जीआयएसमधला, म्हणजे संगणकावरच्या थराथरांच्या नकाशातला, फक्त पहिला थर. त्यावर उतार, खडबडीतपणा, परतलेल्या आवाजाची तीव्रता आणि तळातून उचललेले नमुने ताडून ठरवलेला तळाचा प्रकार, असे थर चढतात. मालवणचं अभयारण्य मीटर-मीटरच्या चौकोनांत या पाच थरांनी मांडलं, तर १४० आकड्यांच्या जागी साडेचौदा कोटी येतात. तेव्हा कुठे प्रवाळाचा खडक वाळूपासून वेगळा ओळखता येतो, आणि होडीचा नांगर कुठे टाकू नये हे नकाशावर दाखवता येतं. वाळू मात्र दर पावसाळ्यात सरकते, त्यामुळे तिचे चौकोन पुन्हा मोजावे लागतात.