शर्यतीचा बैल आणि त्याची आई

जनावरांची पैदास करावी, त्यांतून वेगवान जनावर निवडावे आणि शर्यत जिंकावी, असे खेळ हल्ली संगणकावर निघाले आहेत. तेथे बोट टेकताच पिढी पालटते. आपल्या नगर जिल्ह्यात हाच खेळ हाडामांसाचा आहे. त्याचा हिशेब कसा असतो, तो आपण येथे मांडून पाहू.

पारनेर तालुक्यात व शेजारच्या जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत यात्रेला घाटात बैलगाडे पळतात. तेथे मान खिलार जातीचा. पांढरा रंग, मागे झुकून वर गेलेली शिंगे आणि काटक अंग ही तिची लक्षणे होत. हे गुण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून टिकविले आहेत.

परंतु ही निवड फार संथ असते. गाय सुमारे साडेनऊ महिने गाभण राहते. वासराचे दुधाचे दात पडून पहिली पक्की जोडी येण्यास दोन-अडीच वर्षे जातात. म्हणजे गाईला योग्य वळू दाखविला की नाही, हे कळावयास तीन-चार वर्षे हवीत. शिवाय खोंड लहानपणी खच्ची केला आणि पुढे तो वाऱ्यासारखा पळाला, तरी त्याचा वेग त्याच्याबरोबरच संपतो. मग त्याचा बाप कोण, भाऊ कोण, याची चौकशी सुरू होते. आईची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक अर्धे रक्त तिचेच!

खिलार गाय दूध थोडे देते. ती पोसली जाई ती मोटेच्या, नांगराच्या व गाडीच्या बैलासाठी. पुढे ट्रॅक्टर आला, दूधधंदा वाढला. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. दुधावर घर चालविणाऱ्याने संकरित गाय बांधली, यात त्याचे काय चुकले? खिलारीला मोठे गिऱ्हाईक उरले ते शर्यतीचेच.

म्हणूनच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा जात टिकेल काय, ही चिंता निघाली. चाबूक, टोचणी व शेपटीची पिरगळ पाहिलेल्यांचा आक्षेपही खोटा नव्हता. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो ग्राह्य धरला. परवानगी आहे, पण अटींसह; छळाला मुभा नाही.

आमच्या मते प्रश्न येथे संपत नाही. आपण जे मोजतो, तेच पिढीत उतरते. केवळ सेकंद मोजले, तर सारे एकाच नामांकित वळूमागे धावतात आणि रक्त जवळजवळचे होऊन जात दुबळी पडते. अकोल्याच्या डोंगरी भागातील डांगी जात पहा. ती शर्यतीवर जगलेली नाही. धो धो पावसात व भातखाचराच्या चिखलात टिकते, म्हणून तिला मोल आहे.

तेव्हा यात्रा समित्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पळणाऱ्या प्रत्येक बैलाच्या आईबापांची नोंद वहीत ठेवावी. आणि विजयी बैलाच्या मालकाबरोबर, ज्याच्या गोठ्यात त्याची आई उभी आहे त्या शेतकऱ्यालाही बक्षिसाचा वाटा द्यावा. बहुधा तो माणूस दुसराच असतो, आणि पुढच्या वर्षी ती गाय ठेवावी की विकावी, हे तोच ठरवीत असतो.